केबल सोन्याची, गाणं तेच!

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी सांभाळून घ्या. दिवाळीत जेऊरला घरी गेले तर बाबा खुशीत. सीडी प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरला जोडायला त्यांनी पुण्याहून १८०० रुपयांची डिजिटल केबल आणली होती. दुकानदार म्हणे, "सोन्याचा मुलामा आहे, आवाज गोड येतो." मागची घूं घूं मात्र तशीच!

मी गुपचूप जुन्या व्हीसीडी प्लेअरची पिवळी वायर लावली. भीमसेनजींचा अभंग तसाच वाजला. बाबांना फरक कळला नाही.

कारण सोपं आहे. सीडीवर प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. केबलमधून शून्य आणि एक जातात. ते नीट पोचले की झालं. बिघडले तर आवाज तुटतो, कडकड होते. 'कमी गोड' होत नाही. पिवळी वायरही ७५ ओहमचीच असते, म्हणून चालली.

आणि घूं घूं? प्लेअर टीव्हीला जोडलेला, टीव्ही डिशला. डिशची अर्थिंग आणि अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग जुळत नव्हती. २०० रुपयांची ऑप्टिकल केबल लावली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. घूं घूं बंद!

म्हणून माझं मत: घरात ७५ ओहमची साधी केबल पुरते. गुणगुण असेल तर ऑप्टिकल घ्या, फक्त ती दुमडू नका. उरलेले पैसे स्पीकरला घाला.

बाबांना सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले. १८०० रुपये त्यांच्यासाठी थोडे नाहीत. आपण इथे सिग्नल्स शिकतो ते फक्त पेपरात लिहायला? खरेदीच्या आधी घरी एक फोन तरी करूया!