आमचे आमदार हरवले होते तेव्हा

२३ नोव्हेंबर २०१९. सकाळी राजभवनात फडणवीस-अजितदादांचा शपथविधी झाला आणि आमचे शहापूरचे राष्ट्रवादीचे आमदार दौलत दरोडा गायब! पोलिसांत चक्क हरवल्याची तक्रार. चौथ्या दिवशी सरकार कोसळलं, आमदार परतले, ३० तारखेला ठाकरे सरकारने १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. तेव्हा बरेच जण खूश होते, संकटात पक्ष एकसंध राहिला म्हणून.

मला हे पटत नाही मंडळी. ही कसली निष्ठा, ही तर मोजदाद! १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक-तृतीयांश फुटले तरी चालायचं. २००३ मध्ये ती पळवाट बंद झाली. म्हणजे एकटा फुटला तर आमदारकी जाते, मोठा कळप फुटला तर मंत्रिपदं येतात. २०२२ ला गुवाहाटी पाहिलीच आपण. २०२३ ला राष्ट्रवादी फुटली तेव्हा दरोडा अजितदादांकडेच गेले, २०२४ ला घड्याळावर निवडूनही आले.

आम्ही भातसानगरवाले. धरण आमच्या उशाला, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. या संकटासाठी कुठल्या पक्षाने व्हिप काढलाय हो?