खोट आणि खोटे

आमच्या साजगावाला लागून ताकई येथे विठोबाचे देऊळ आहे. कार्तिकी एकादशीपासून तेथे मोठी यात्रा भरते आणि घोंगड्यांपासून सुक्या मासळीपर्यंत नाना जिनसांचा बाजार मांडला जातो. या देवास पंचक्रोशीतील लोक ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. नाव ऐकून नव्या माणसास हसू येते, पण त्यामागची कथा हसण्यासारखी नाही. तुकोबा मिरचीच्या गोण्या घेऊन घाटाखाली या बाजारी उतरत. घेणाऱ्यांनी माल नेला, पैसे मात्र बुडविले. तेव्हा खुद्द विठोबाने बोंब मारून ती वसुली करविली, असे येथील जुनी माणसे सांगतात. कथेची ऐतिहासिक छाननी करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु लहान विक्रेत्याची बाजू मांडण्यास प्रत्यक्ष देवास यावे लागले, ही तिच्यातील गोष्ट गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी घडलेल्या एका प्रसंगाने आम्हांस वारंवार आठवली.

आमच्या धाकट्या सूनबाईंचे माहेर श्रीवर्धन तालुक्यातले. तेथे त्यांच्या वडिलांची हापूसची लहानशी बाग आहे. दलालाच्या हाती माल दिला असता पदरात फारसे काही पडत नाही, म्हणून तीन वर्षांपासून सूनबाई मोबाइलवरून, एका ऑनलाइन बाजारपेठेच्या द्वारे, थेट गिऱ्हाइकांस पेट्या विकतात. चैत्र-वैशाखात आमच्या माजघरात पेंढा, पुठ्ठ्याची खोकी आणि चिकटपट्ट्या यांचे राज्य असते. घरची मुले चिठ्ठ्या डकवितात, सासूबाई फळे निवडतात, आणि गिऱ्हाइकांस दिसणाऱ्या जाहिरातीची भाषा ‘मामंजींनीच लिहावी’ असा प्रघात पडलेला आहे. या शेवटच्या गोष्टीची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

अक्षय्यतृतीयेस आठ दिवस होते. एका गिऱ्हाइकाने दोन डझनांची पेटी नेली होती. त्याने पाचव्या दिवशी सर्वांस दिसेल असा अभिप्राय लिहिला: आंबे नकली आहेत, हा हापूस नव्हे, कर्नाटकाचा माल कोकणच्या नावाने गळ्यात मारला, कोणी फसू नये. सोबत कापलेल्या फळांची चित्रे. त्याच दिवशी बाजारपेठेकडून सूनबाईंस सूचना आली, की बनावट मालाची तक्रार असल्याने त्यांची विक्री चौकशी होईपर्यंत थांबविली आहे. सणासाठी नोंदविलेल्या अकरा पेट्या घरात तशाच राहिल्या, आणि आंबा तर कोणाच्या चौकशीसाठी थांबत नाही.

रात्री ओटीवर घरची मंडळी जमली. थोरल्या चिरंजीवांचे मत असे, की अठराशे रुपये परत करून किटाळ मिटवावे. पुतण्याने सुचविले, की घरातील आणि नात्यातील दहा-बारा जणांनी उत्तम अभिप्राय लिहावेत, म्हणजे तो एक वाईट अभिप्राय तळाशी जाईल. आम्ही स्वतः, सांगावयास लाज वाटते, पण संतापाच्या भरात अब्रुनुकसानीच्या दाव्याच्या गोष्टी बोलू लागलो. सूनबाई तेवढ्या शांत होत्या. त्या म्हणाल्या, “मामंजी, पैसे द्यायला मी तयार आहे. पण ‘नकली’ म्हटल्यावर निमूटपणे पैसे दिले, तर ते कबूल केल्यासारखे होईल. बागेच्या नोंदीवर बाबांचे नाव आहे.”

या एका वाक्याने आमचा संताप उतरला आणि विचार सुरू झाला. हापूसला भौगोलिक मानांकन ऑक्टोबर 2018 मध्ये मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर आणि आमचा रायगड हे पाच जिल्हे येतात. सूनबाईंचे वडील त्या मानांकनाचे नोंदणीकृत वापरकर्ते आहेत. या विषयीचा कायदा 1999 चा असून, खोटे मानांकन लावणाऱ्यास त्यात किमान सहा महिन्यांच्या व कमाल तीन वर्षांच्या कैदेची आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे गिऱ्हाइकाने सहज लिहिलेला तो शब्द साधी कुरकुर नव्हता. तो एका वृद्ध बागाईतदारावर ठेवलेला गुन्ह्याचा आरोप होता.

मग आम्ही ती चित्रे नीट पाहिली. चोवीसांपैकी सहा फळांच्या कोयीभोवतीचा गर पांढुरका, फोपसा झालेला दिसत होता. कोकणात यास साका म्हणतात. साका बाहेरून ओळखू येत नाही. फळ सुरेख पिवळे दिसते, वासही घमघमतो, आणि सुरी लावल्यावर निराशा होते. हा दोष काही आजचा नव्हे. 1932 व 1933 साली मुंबई इलाख्यातून युरोपास आंबे पाठविण्यात आले, त्यांच्यासंबंधी चीमा व दाणी यांनी 1934 साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात या व्याधीची नोंद आहे. फळ झाडावर फार पक्व होऊ दिल्याने आणि काढणीनंतर उन्हाची धग लागल्याने ती बळावते. हापूस जातीस तर ती इतकी चिकटलेली आहे, की तिच्यापासून मुक्त असे फळ मिळावे म्हणून नीलम आणि हापूस यांच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये ‘रत्ना’ ही जात काढली.

हे वाचल्यावर आम्हांस शाळेतल्यासारखा उत्साह चढला. “पाहा,” आम्ही म्हणालो, “ज्या खुणेवरून हा गृहस्थ आंब्यास नकली म्हणतो, तीच तो हापूस असल्याची खूण आहे!” त्यावर स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींनी विचारले, “आणि कर्नाटकातल्या हापुसात साका होत नाही वाटते?” आम्ही निरुत्तर झालो. तिकडेही हीच जात लावतात. साक्याने फार तर जात कळेल, गाव कळणार नाही. आयुष्यभर ज्यांनी मुलांस अतिव्याप्तीचा दोष समजावून दिला, त्यांस तो स्वतःच्या घरी ओळखता आला नाही! असो. गाव सिद्ध करावयाचे तर ते फळाने नव्हे, कागदाने करावे लागणार, हे निश्चित झाले.

येथे या प्रकरणाचे मर्म आहे, आणि ते आमच्या भाषेनेच आम्हांस दिले. खोट वेगळी आणि खोटे वेगळे. नाण्याचा काठ झिजलेला असणे ही खोट. ते टांकसाळीबाहेर पाडलेले असणे म्हणजे खोटे. गिऱ्हाइकाच्या हाती खोट आली, म्हणून त्याने खोटे म्हटले. आपण विक्रेते मात्र उलट चूक करतो: खोटेपणाचा आरोप नाकारण्याच्या आवेशात खोटही नाकारून बसतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सदोष माल आणि बनावट माल यांच्या व्याख्या निरनिराळ्या आहेत. खरा असल्याचा खोटा दावा करून विकलेला तो बनावट. ऑनलाइन विक्रीसंबंधी जुलै 2020 मध्ये जे नियम झाले, त्यांतही सदोष आणि बनावट हे शब्द वेगवेगळे योजिले आहेत. यांपैकी काहीही असले अथवा माल जाहिरातीप्रमाणे नसला, तरी विक्रेत्यास तो परत घेण्याचे किंवा पैसे देण्याचे नाकारता येत नाही.

‘जाहिरातीप्रमाणे’ हा शब्द वाचून आम्ही थबकलो. जाहिरात आमची! उघडून पाहिली. तीत आमच्याच लेखणीने लिहिले होते: ‘निवडक, निर्दोष, निःसंशय हापूस.’ नकाराचा अनुप्रास साधल्याचा त्या वेळी आम्हांस आनंद झाला होता. पण ज्या फळाचा अंतर्भाग ईश्वरासही कापल्यावाचून दाखविता येत नाही, त्यास निर्दोष म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? तेव्हा या प्रकरणात काही खोटे असेलच, तर ते पेटीत नसून आमच्या विशेषणात होते. ते आम्ही त्याच रात्री सूनबाईंकडून काढविले.

पुतण्याची सूचनाही त्याच नियमांनी निकालात निघाली. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाविषयी अभिप्राय लिहिणे त्यांत स्पष्टपणे निषिद्ध आहे. शिवाय, खोटेपणाचा आळ धुण्यासाठी खोटे लिहावयाचे, यासारखे दुर्दैव ते कोणते? दाव्याचा विचार आम्ही आपण होऊनच सोडला. धमकी दिल्याने गिऱ्हाइकाचा संशय फिटत नाही, उलट दृढ होतो. आणि हा मनुष्य लबाड होता असे मानण्यास आधारही नव्हता. त्याने पैसे मोजले होते, सणाच्या आधी घरी आमरस करण्याचा बेत केला असेल, आणि पातेल्यात पांढरा गर पाहून त्याचा विरस झाला असेल.

दुसरे दिवशी उत्तर लिहिले. शब्द सूनबाईंचे, शुद्धलेखन आमचे. प्रारंभी सहा फळे साक्याने खराब निघाल्याबद्दल दिलगिरी, आणि त्या सहा फळांचे साडेचारशे रुपये मागण्यापूर्वीच परत. पुढे साका म्हणजे काय हे तीन ओळींत. त्यानंतर, फळे कोठली याविषयीचा आरोप आम्हांस मान्य नाही, हे एका सरळ वाक्यात, एकही कठोर विशेषण न घालता. सोबत मानांकनाच्या नोंदणीचा दाखला, श्रीवर्धनहून पेट्या निघाल्याच्या तारखेची मालपावती, आणि ती पेटी भरताना नातीने हौसेने काढलेले छायाचित्र. हीच सर्व कागदपत्रे बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठविली. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल एका महिन्यात देणे या अधिकाऱ्यावर नियमाने बंधनकारक आहे, हे लहान विक्रेत्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते.

नातीचे ते छायाचित्र नसते तर आमची बाजू निम्मी लंगडी पडली असती. म्हणून घरबसल्या लोणची, पापड, साड्या किंवा जुनी पुस्तके विकणाऱ्या आमच्या वाचकभगिनींस सांगणे एवढेच, की माल भरताना त्याचे चित्र घ्यावे, खरेदीची पावती त्याच तारखेच्या पाकिटात ठेवावी, आणि आरोप आल्यावर दूरध्वनीवर वाद न घालता लेखी बोलावे. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलेच, तर ज्या दोषाचा निर्णय तपासणीवाचून होत नाही अशा मालाचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद कायद्यात आहे. साडीच्या जरीस ती उपयोगी पडेल. आंब्यास तेवढा धीर नाही.

आमच्या पूर्वजांनी हे ओळखले होते. क्रयविक्रयाचा पश्चात्ताप हे आपल्या धर्मशास्त्रात व्यवहाराच्या अठरा पदांपैकी एक स्वतंत्र पद आहे, आणि कौटिल्याने त्यास निराळा अध्याय दिला आहे. मनूने माल परत देण्याघेण्यास दहा दिवसांची मुदत ठेविली. याज्ञवल्क्याने तर जिनसेप्रमाणे परीक्षेचा काळ ठरविला: लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या बैलास पाच, रत्नास सात, बियाण्यास दहा. ज्या वस्तूची खोट जेवढ्या दिवसांत उघडी पडते, तेवढे दिवस घेणाऱ्याचे. त्यापुढे देणारा मोकळा. न्याय दोन्ही बाजूंस मोजून दिलेला आहे. फळाच्या जाहिरातीत सूनबाईंनी आता हाच मार्ग धरला आहे. ‘निर्दोष’ या शब्दाच्या जागी आज असे लिहिलेले आहे: हापुसात क्वचित साका निघतो, पेटी मिळाल्यापासून सात दिवसांत चित्र पाठविल्यास त्या फळाचे पैसे मिळतील. हे लिहिल्याने विक्री घटेल अशी थोरल्यांस भीती होती. तशी ती घटली नाही.

आता शेवट काय झाला ते सांगतो, आणि तो गोड करून सांगत नाही. विक्री नवव्या दिवशी सुरू झाली. तोवर अक्षय्यतृतीया होऊन गेली होती. अकरा पेट्यांपैकी चार शेजारी-पाजारी स्वस्तात गेल्या, उरलेल्यांचा आमरस आटवून बरण्या भरल्या. गिऱ्हाइकाने क्षमा मागितली नाही. त्याने आपल्या अभिप्रायातील ‘नकली’ हा शब्द मात्र काढला आणि तेथे ‘सहा फळे साक्याची निघाली, पैसे मिळाले’ असे लिहिले. तारा पूर्वी दोन होत्या, त्या दोनच राहिल्या. चिरंजीव म्हणाले, एवढ्या खटाटोपाने मिळाले काय? सूनबाईंनी मोबाइल वडिलांस दाखवावयाचा म्हणून ते वाक्य जपून ठेवले आहे. त्यात त्यांच्या मालाची खोट लिहिलेली आहे, आणि ती खरी आहे.

यंदा कार्तिकीस आम्ही सर्व मंडळी ताकईस दर्शनास गेलो. देवापुढे हात जोडताना मनात आले, तुकोबांकडे लेखी पावती असती, तर विठोबास कदाचित बोंब मारावी लागली नसती. परतताना सूनबाईंनी यात्रेत एक घोंगडी घेतली आणि विक्रेत्याकडे पावती मागितली. तो हसून म्हणाला, “वहिनी, घोंगडीला कसली पावती?” सूनबाईंनी पिशवीतून कागद-पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली.