मुळातच वांड, म्हणून सिगारेट?

‘पोरगं मुळातच वांड, ते सिगारेट ओढणारच.’ रायपुरात तात्यापाऱ्यातल्या मराठी घरात हा निकाल लागतो, तसाच शाळेच्या शिक्षकखोलीतही. आता त्याला मानसशास्त्राची साक्षही काढता येते. मार्विन झुकरमन यांनी 1964 मध्ये थराराची ओढ मोजणारी प्रश्नावली केली. उतावळी, थरार शोधणारी मुलं धूम्रपानाकडे जास्त वळतात, असं पुढे अनेक अभ्यासांत दिसलं. निरीक्षण खरं आहे. त्यावरचा ‘ओढणारच’ हा निकाल मला मान्य नाही.

सगळं स्वभावावरच असतं, तर 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणारे पुरुष 19 टक्के आणि स्त्रिया फक्त 2 टक्के कशा निघाल्या? उतावळेपणा काय एकट्या पुरुषांच्या वाट्याला आला? त्याच पाहणीत छत्तीसगडमधले 39.1 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे होते आणि त्यांतले बहुतेक ती ओढणारे नव्हतेच. सकाळी गुडाखूने, म्हणजे तंबाखूच्या मिश्रणाने, दात घासणाऱ्या आजीला थरार हवा असतो, असं म्हणायची कोणाची छाती आहे? गुडाखूची डबी घरातच होती. शाळकरी मुलांच्या 2019 च्या पाहणीत तर सिगारेट ओढलेल्यांपैकी 38 टक्क्यांनी सुरुवात दहावा वाढदिवस यायच्या आत केली होती. नऊ वर्षांच्या पोराचा कसला स्वभाव पक्का झालेला असतो!

स्वभावाचा हा सिद्धांत सर्वांत जास्त कोणाला आवडला, तेही पाहावं. कर्करोगाचं खापर सिगारेटपेक्षा व्यक्तिमत्त्वावर फोडणारे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक तंबाखू उद्योगाचे पैसे घेत होते. त्यांचे या विषयावरचे अनेक निबंध भरवशाचे नाहीत, असं 2019 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीनेच ठरवलं. स्वभाव दोषी ठरला की विकणारा सुटतो.

आता माझं म्हणणं. मानसशास्त्रज्ञ आइसेक आजेन यांच्या 1991 च्या मांडणीत इरादा तीन गोष्टींतून घडतो: स्वतःचं मत, भोवतालच्यांचं मत, आणि ती गोष्ट करणं किती सोपं वाटतं. उतावळ्या मुलाच्या बाबतीत ही तिसरी गोष्ट सर्वांत भारी, कारण तो बेत आखत नाही, समोर दिसेल ते उचलतो. म्हणजे पानठेला दूर गेल्याचा फायदा सर्वांत जास्त याच वांड पोराला. 2003 च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत आणि अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला बंदी आहे. बाल न्याय कायदा, 2015 तर मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगतो. तरी दप्तर पाठीवर घेऊन सुटी सिगारेट मागणाऱ्याला ती मिळतेच. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेटी-बिड्यांची विक्री बंद केली. अंमल ढिला आहे, हे मान्य. पण अख्ख्या पाकिटाचे पैसे शाळकरी खिशात सहसा नसतात. रायपूरच्या पालकसभेत मुलांच्या स्वभावावर तासभर बोलण्यापेक्षा शाळेच्या फाटकापासून पानठेल्यापर्यंतचं अंतर टेप लावून मोजावं आणि तक्रार लेखी द्यावी.