गावात नसलेल्या लेकीची चावडी

सातबारा मोबाईलवर दिसू लागला, याचं कौतुक सहसा एकाच अंगानं होतं: तलाठ्याकडचे हेलपाटे वाचले. ते खरंच आहे. ऐन पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी उताऱ्यापायी ज्यानं दिवस घालवले, त्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण गावात राहून रान कसणाऱ्याला कधी ना कधी उतारा मिळतच होता. ज्यांना तो कधीच मिळत नव्हता, किंबहुना तो मागायचा असतो हेही ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्या सासरी गेलेल्या लेकींसाठी ही उघडी नोंद जास्त मोलाची आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि म्हणूनच ती उघडी राहिली पाहिजे, आणखी उघडी झाली पाहिजे.

मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली. लग्न होऊन नवी मुंबईत आले. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या भागांत आमच्याकडची हजारो माथाडी कुटुंबं आहेत. मी शाळेत शिकवते, त्यामुळे आमच्या भिशीत कुणाचा कागद आला की तो माझ्यापुढे सरकतो. पूर्वी ते शाळेचे दाखले आणि रेशनकार्डं असायची. आता बायका फोन पुढे करतात आणि म्हणतात, “मॅडम, जरा आमच्या दादांचा सातबारा काढून बघा.” दादा म्हणजे वडील. ते बहुतेक वेळा हयात नसतात.

पहिली अडचण गट नंबराची. या बायकांनी लहानपणी त्या रानात खुरपणी केलेली असते, काढणी केलेली असते. त्यांना विहिरीचं रान माहीत असतं, ओढ्याकडची पट्टी माहीत असते, माळाचा तुकडा माहीत असतो. कोणत्या बांधावर कुणाशी वाद आहे हेही पाठ असतं. पण गट नंबर हा जमिनींच्या एकत्रीकरण योजनेनं दिलेला आकडा, तो घरात फक्त पुरुषांच्या तोंडी. ऑफिसात जाऊन ‘विहिरीच्या रानाचा उतारा द्या’ म्हणता येत नाही. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मात्र विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावावरून शोधता येतं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, काहीही चालतं. हणमंत की हनुमंत, असा घोळ होतो, म्हणून आम्ही आडनावावरून शोधतो आणि आलेली यादी वरून खाली वाचत जातो. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. विनास्वाक्षरीचा तो उतारा कोर्टकचेरीत चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा हवा असेल तर १५ रुपये भरावे लागतात. ती सोय १ मे २०१८ ला सुरू झाली. पण ‘आपलं नाव आहे का’ एवढ्या प्रश्नाला बिनस्वाक्षरीचा उताराही पुरतो.

मग फोन आणलेली बाई यादीतलं ओळखीचं नाव दाबते आणि आम्ही वाचायला बसतो. हे वाचन मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सातबारा अक्षरओळख असलेल्या माणसालाही एकदम कळत नाही. सात म्हणजे जमिनीवर हक्क कुणाचा, बारा म्हणजे तिच्यात पीक काय. आठ-अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एका ठिकाणी, म्हणून आम्ही आधी आठ-अ बघतो. मग नावासमोरचा फेरफार क्रमांक. वडिलांच्या नावाला आळं पडून, म्हणजे ते रद्द होऊन, खाली कुणाची नावं आली, हे त्या क्रमांकामागच्या नोंदीत असतं. कधी दोन भावांचीच नावं असतात. कधी आईचं असतं, लेकींचं नसतं. आणि कधी लेकींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात सापडतात, जिथे बँकेचा बोजा आणि कुळाची नोंद असते. मालकाच्या रकान्यात भाऊ, इतर हक्कात बहिणी, ही पद्धत आमच्याकडे इतकी अंगवळणी पडलेली होती की तिच्यात काही खटकण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

कायदा तर कधीचा बदलला आहे. लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्येच केली, पण ती तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरती होती. देशभराची दुरुस्ती २००५ ची. ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात हवेत की नकोत, हा घोळ सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात मिटवला: हक्क जन्मानं येतो, वडील हयात असण्याची अट नाही. या दुरुस्त्यांच्याही आधी, १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून दिली. एवढं सगळं होऊनही सातबाऱ्यावरचं बाईचं नाव गावोगाव विरळच राहिलं. याची कारणं अनेक आहेत, पण एक कारण साधं आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नोंद होते तेव्हा लेक तिथे नसते.

वारसाची नोंद कशी होते पाहा. घरातलं कुणीतरी तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वर्दी देतं. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घालतो. जमीन महसूल संहितेचं कलम १५० सांगतं की त्याच वेळी त्या नोंदीची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावायची आणि अधिकार अभिलेखावरून ज्यांचा संबंध दिसतो त्यांना लेखी कळवायचं. ज्यांचा संबंध असेल असं तलाठ्याला वाटतं, त्यांनाही कळवायचं. हरकतीला १५ दिवस. हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आता या वाटेवर लेक कुठे आहे? अभिलेखावर तिचं नाव नाही, म्हणून तिचा संबंध ‘दिसत’ नाही. तलाठ्याला तिचा संबंध वाटायला हवा, तर तिच्याविषयी त्याला कुणी सांगायला हवं, आणि सांगणारे वर्दी देणारेच. चावडीत प्रत लागते तेव्हा ती शेकडो किलोमीटरवर असते. पंधरा दिवस संपतात. पुढे प्रांताकडे अपील करायला ६० दिवस असतात, तेही संपतात. कुणी मुद्दाम फसवलं नाही तरी हे असंच घडतं.

‘आपली चावडी’ नावाचं संकेतस्थळ आलं आणि इथे पहिल्यांदा फरक पडला. गावच्या चावडीत लागायची ती नोटीस आता तिथेही दिसते: फेरफार क्रमांक, त्याचा प्रकार, गट नंबर, हरकतीची शेवटची तारीख. कोपरखैरण्यात स्वयंपाकघरात उभं राहून माहेरच्या गावात या महिन्यात कोणते फेरफार धरले आहेत हे पाहता येतं. खरेदीखताचं तर आणखी सोपं झालं आहे. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीतून थेट महसूल खात्याकडे जाते आणि फेरफार आपोआप धरला जातो. दोन कार्यालयं एकमेकांशी जोडली गेली म्हणजे काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. पूर्वी सूची दोनची प्रत घेऊन तलाठी गाठावा लागे. त्या मधल्या काळात तीच जमीन दुसऱ्याला विकल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत.

आमच्या भिशीतल्या एकीला तिच्या वडिलांच्या वारसनोंदीचा फेरफार असाच सापडला. वर्दीत फक्त दोन मुलगे. हरकतीची मुदत अजून शिल्लक होती. ती म्हणाली, “हरकत घेतली तर भाऊ दिवाळीला बोलावणार नाही.” आम्ही कुणीच तिला काही सुचवलं नाही, कारण ते भय खोटं नव्हतं. तिनं आधी भावाला फोन केला. म्हणाली, मला फोनवर दिसतंय, माझं नाव घातलं नाहीस. भाऊ गडबडला. तो वाईट माणूस नव्हता. वर्दीचा कागद ज्यानं लिहून दिला त्यानं ‘बहिणींचं नंतर हक्कसोड करावं लागेल, उगाच खर्च’ असं सांगितलं होतं. तिनं लेखी हरकत पाठवली, भावानंही बहिणीला हिस्सा असल्याचा जबाब दिला, नाव लागलं. दुसरी एक आहे, तिचं नाव बारा वर्षांपूर्वीच डावललेलं. तिचं अपील प्रांताकडे चालू आहे आणि माहेर तुटल्यातच जमा आहे. तिसरीनं सगळं पाहिलं, फोन पर्समध्ये ठेवला आणि विषय बंद केला. तोही तिचा अधिकार आहे. फक्त तिनं तो निर्णय सगळं माहीत असताना घेतला. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या किती बायकांना आपण नेमकं किती गुंठ्यांवर पाणी सोडतोय हे ठाऊक असतं?

जमिनीची दप्तरं कुणाच्या हाती, हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुल्यांनी निरक्षर शेतकऱ्याला नाडणाऱ्या कुळकर्ण्याच्या लेखणीवर बोट ठेवलं होतं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये कुळकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात वतनं जायला १९५१ उजाडलं. दप्तर एका घराण्याच्या माडीवरून सरकारी कचेरीत आलं, हा मोठा बदल होता. कचेरीतून ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येणं हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे, आणि मला तो तितकाच मोठा वाटतो. २०१७ मध्ये संगणकावरचे सातबारे तपासायला गावोगाव चावडीवाचन झालं. राज्यातल्या सुमारे अडीच कोटी सातबाऱ्यांचं हे काम सोपं नव्हतं आणि महसूल खात्यातल्या माणसांनी ते रात्री जागून केलं, याची जाण मला आहे. पण वाचन ऐकायला चावडीत कोण बसलं होतं? वाचन मे महिन्यात सुरू झालं तेव्हा आम्ही बऱ्याचजणी सुट्टीला माहेरीच होतो. आम्हाला कुणी बोलावलं नाही.

या उघडेपणावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी झटकून टाकणार नाही. कुणाच्या नावावर किती जमीन, तिच्यावर कोणत्या सोसायटीचा किती बोजा, हे कुणीही पाहू शकतं. रस्त्याची आखणी जाहीर झाली की दलाल आधी हेच पाहतात, आणि कर्जात बुडालेला शेतकरी त्यांना घरबसल्या सापडतो. हे होतं. पण यावर उपाय म्हणून दार लावून घ्यायचं म्हटलं तर दलालाचं काही अडत नाही. त्याला कचेरीतली वाट पूर्वीपासून माहीत आहे. अडतं ते लेकीचं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केल्यापासून ‘ही खासगी माहिती आहे’ हे उत्तर कचेऱ्यांना अधिक सोपं झालं आहे, याची मला काळजी वाटते. जमिनीचा हक्क ही खासगी बाब नाही. तो सगळ्या गावासमोर सांगितला जातो म्हणूनच तो हक्क ठरतो. बोज्याची रक्कम झाकायची असेल तर जरूर झाका. नावं आणि फेरफार झाकू नका.

आता मागणं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ म्हणतं की सरकारनं माहिती आपणहून एवढी द्यावी, की लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी. सातबाऱ्याच्या बाबतीत ते बरंचसं घडलं आहे. पण आजही लेकीला माहेरच्या चावडीत डोकावत राहावं लागतं. महिनाभर विसरली तर पंधरा दिवसांची मुदत निघून जाते. बँक दहा रुपये कापले तरी फोनवर कळवते. वडिलांच्या गटावर फेरफार धरला गेला तर ते मुलीला कळायलाच हवं. वारसनोंदीच्या अर्जात मुलींसह प्रत्येक वारसाचा मोबाईल क्रमांक सक्तीचा करावा, आणि त्या क्रमांकावर संकेतांक पाठवून तो तिचाच आहे याची खात्री झाल्याशिवाय नोंद पुढे सरकू नये. वर्दीत एकही मुलगी दाखवलेली नसेल तर ‘मयतास मुलगी नाही’ असा स्वतंत्र जबाब घ्यावा आणि तो फेरफाराच्या नोंदीत सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. खोटा जबाब देणाऱ्याला मग गावासमोर उत्तर द्यावं लागेल. ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुन्या हस्तलिखित फेरफारांच्या प्रती ज्या जिल्ह्यांत दिसतात तिथे त्या फुकट पाहता याव्यात आणि उरलेल्या जिल्ह्यांतही लवकर याव्यात, कारण आत्यांची नावं नेमकी कोणत्या साली गळली हे त्याच कागदांत आहे.

आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना माझी एक सूचना आहे. आठवीच्या वर्गात एक तास सातबारा वाचायला शिकवा, मुलांना आणि मुलींना एकत्र बसवून. प्रत्येकानं आपापल्या आजोबांचं नाव शोधावं आणि त्याखाली कुणाकुणाची नावं लागली ती वहीत उतरवून आणावी.