बागुलबुवाला कागदावर उतरवा

"जेव मुकाट्यानं, नाहीतर बागुलबुवा येईल!" हे वाक्य कुणाच्या घरात ऐकू आले नसेल? पोर पटापट चार घास गिळते, आपलेही काम होते. रात्री तेच पोर एकटे न्हाणीघरापर्यंत जायला तयार नसले की आपणच म्हणतो, "एवढा मोठा झालास, घाबरतोस काय?" भीती घालायचीही आपणच आणि ती वाटली म्हणून रागवायचेही आपणच! त्या बिचाऱ्याने करावे तरी काय?

मैत्रिणींनो, आज एका चित्रमय बालकवितेविषयी सांगायचे आहे. 'लाइफ डझन्ट फ्रायटन मी' हे तिचे नाव. जगण्याची मला भीती वाटत नाही, असा त्याचा अर्थ. अमेरिकन कवयित्री माया अँजेलो यांच्या १९७८ सालच्या संग्रहातली ही कविता १९९३ मध्ये मुलांचे चित्रपुस्तक होऊन निघाली. त्यातली छोटी मुलगी सावल्या, आवाज, कुत्री, भुते, वर्गातली दांडगी मुले अशी एकेकाची नावे घेते आणि दर वेळी ठासून सांगते, मी नाही भीत! वाचता वाचता आपल्याला मात्र कळते, की इतक्यांदा सांगावे लागते म्हणजे आत थोडी धाकधूक असणारच. म्हणूनच ती मुलगी खरी वाटते.

पुस्तकातली चित्रे गोजिरवाणी मुळीच नाहीत. दात विचकलेले चेहरे, मोठाले डोळे, खरडल्यासारख्या रेषा! चित्रकार ज्याँ-मिशेल बास्किया १९८८ साली, अवघ्या २७ व्या वर्षी वारला. ही चित्रे त्याने या कवितेसाठी काढलेलीच नव्हती. संपादिका सारा जेन बॉयर्स यांनी त्याची चित्रे आणि ही कविता शेजारी आणून बसवली, आणि जोडी अशी जमली की विचारू नका.

पण या कवितेमागचे आयुष्य आपण आयांनी जरूर जाणून घ्यावे. माया सात-आठ वर्षांची असताना घरात वावरणाऱ्या, आईच्या ओळखीच्या माणसाने तिच्यावर अत्याचार केला. तिने त्याचे नाव सांगितले. पुढे त्या माणसाचा खून झाला. आपण बोललो म्हणूनच तो मेला, असे त्या कोवळ्या जिवाने घेतले. भावाशिवाय ती जवळजवळ पाच वर्षे कुणाशी बोलली नाही. आर्कान्सामधल्या स्टॅम्प्स गावी आजीकडे असताना बर्था फ्लॉवर्स नावाच्या बाईंनी तिला पुस्तके दिली, कविता मोठ्याने म्हणायला लावल्या. हळूहळू वाचा परत आली. हे सारे तिने १९६९ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. हीच मुलगी २० जानेवारी १९९३ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला आपली कविता वाचायला उभी राहिली!

यातून आपण घरी काय घ्यावे?

पहिले म्हणजे, जेवणासाठी, झोपण्यासाठी बागुलबुवाला, पोलिसाला, डॉक्टरला बोलावणे बंद. उद्या मूल हरवले तर पोलिसाकडेच जायचे आहे ना त्याने?

दुसरे, "त्यात काय घाबरायचंय?" असे न म्हणता "कशाची वाटते रे भीती?" असे विचारा. कागद नि रंगीत खडू पुढे ठेवा. भुताला किती दात, शिंगे आहेत की नाहीत, सगळे त्यालाच ठरवू द्या. ज्याचे चित्र आपण काढले, त्याचा दरारा थोडा तरी कमी होतोच.

तिसरे, अंधाराला भिणाऱ्या मुलाला अंधारात कोंडू नका. बारीक दिवा ठेवा. आज दारापर्यंत सोबत जा, उद्या ओसरीवरून नुसती हाक द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे. एखाद्या ठरावीक माणसाजवळ मूल जाईनासे झाले, बडबडे पोर एकाएकी गप्प झाले, अंथरूण ओले करू लागले, तर "काका आहेत ना, नमस्कार कर" म्हणून पुढे ढकलू नका. जवळ घेऊन शांतपणे ऐका. सांगितले तर "तुझी काही चूक नाही" हे आधी म्हणा. मदतीसाठी १०९८ हा मुलांसाठीचा फोन क्रमांक आहे, तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

धीट मूल म्हणजे न भिणारे मूल नव्हे. भीती वाटली की ती आईला सांगता येते, ते मूल धीट. तेवढी सोय आपल्या घरात असली म्हणजे झाले!