सुरक्षित रंगांची अंधश्रद्धा

जुन्या संगणकांच्या आठवणी निघाल्या की एक सूर हमखास लागतो: तेव्हा रंग मोजके होते, म्हणून शिस्त होती. १९९०च्या दशकातलं ‘वेब-सेफ’ रंगांचं कोष्टक हा या मंडळींचा लाडका दाखला. मला हे कौतुक अजिबात पटत नाही.

गरज खरी होती, हे मान्य. ८ बिटांच्या पडद्यावर एका वेळी २५६च रंग दिसत. त्यांतले २० विंडोज स्वतःसाठी राखून ठेवी. मॅकिंटॉशचा संच वेगळा. दोन्हीकडे मिळतील असे २१६ उरले: लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी ६ पायऱ्या, ६ × ६ × ६. याबाहेरचा रंग मागितला की ब्राउझर जवळच्या रंगांचे ठिपके मांडून वेळ मारून नेई आणि त्यावरची अक्षरं वाचताना डोळे शिणत.

पण ही निवड डोळ्यांना न विचारता झाली. पायऱ्या आकड्यांत समान होत्या, नजरेला नव्हत्या. त्यामुळे सहज वेगळे ओळखू न येणारे भडक हिरवे भरपूर. करड्याच्या छटा मात्र काळा-पांढरा धरूनही सहाच.

आणि सुरक्षितता? तोच आकडा मॅकवर उजळ आणि विंडोजवर गडद दिसे, कारण एकाचा गॅमा १.८, दुसऱ्याचा २.२. अ‍ॅपलने हा फरक मिटवला तो थेट २००९ साली. मधल्या काळात १६ बिटांचे पडदे आले. त्यांच्या ३२ किंवा ६४ पायऱ्यांत या सहा पायऱ्या नेमक्या बसेनात. २००० साली डेव्हिड लेन आणि हॅडली स्टर्न यांनी ‘वेबमंकी’साठी तपासणी केली, तेव्हा २१६पैकी जेमतेम २२ रंग खरोखर सुरक्षित ठरले. बाकीच्यांसाठी पाळलेलं सोवळं फुकट गेलं.

कोष्टक गेलं, अंधश्रद्धा उरली. आज लोगोच्या रंगाचा सहाअंकी आकडा मंत्रासारखा जपतात. पण फोनवर ऊन पडलं, रात्रीचा पिवळसर प्रकाश सुरू झाला, की त्या मंत्राचं काय उरतं? आकडा ही पडद्याला दिलेली आज्ञा आहे. रंग डोळ्यांत घडतो.

आग्रह धरायचाच तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांतल्या फरकाचा धरा. वेबच्या सुगम्यतेचे निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ इतका फरक मागतात. चूक दाखवायला नुसता लाल रंग वापरू नका, शब्दही लिहा. लाल-हिरवा न ओळखणाऱ्यालाही फॉर्म भरायचा असतो. रंग थोडा बदलला तर कुणाचं अडत नाही. अर्थ बुडाला की अडतं.