स्फटिकप्रासाद पुन्हा कशाला?

लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅमच्या टेकडीवर जळून खाक झालेला ‘क्रिस्टल पॅलेस’ पुन्हा उभारण्याची योजना २०१३ मध्ये एका चिनी उद्योगसमूहाने मांडली होती. २०१५ मध्ये ती बारगळली, हे एका परीने बरेच झाले.

मुळात ही वास्तू चिरकाल टिकावी म्हणून बांधलेलीच नव्हती. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेले २४५ आराखडे समितीने नापसंत केले आणि स्वतःचा जो आराखडा पुढे केला, त्याची सर्वत्र टर उडाली. विटांच्या त्या अवजड इमारतीवर लोखंडी घुमट बसवायचा होता! अखेर वाट दाखविली ती जोसेफ पॅक्स्टन या माळीकाम करीत मोठ्या झालेल्या गृहस्थाने. रेल्वेच्या एका बैठकीत त्याने टीपकागदावर आकृती रेखाटली. चॅट्सवर्थच्या उद्यानात त्याने काचेची हरितगृहे बांधली होती. तोच अनुभव येथे कामी आला. ठरावीक मापाचे ओतीव लोखंडी खांब व तुळया आणि एकाच मापाच्या सुमारे तीन लाख काचा कारखान्यांतून यायच्या आणि हाइड पार्कमध्ये नुसत्या जोडायच्या. ऐंशी कारागिरांनी एका आठवड्यात १८ हजारांवर काचा बसविल्या. उद्यानातील जुने एल्म वृक्ष तोडण्यास लोकांचा विरोध होता, म्हणून उंच कमानदार छत घालून ते आतच सामावून घेतले गेले.

प्रदर्शनात साम्राज्याचा दिमाख होताच. १८४९ मध्ये पंजाबकडून घेतलेला कोहिनूर तेथे पिंजऱ्यात ठेवला होता. तो फारसा चमकत नाही, म्हणून प्रेक्षक हिरमुसले. परंतु एक शिलिंगाच्या तिकिटावर कामकरी वर्ग आत येऊ लागला, तेव्हा दंग्याची भाकिते करणारे प्रतिष्ठित तोंडघशी पडले. प्रदर्शनाला साठ लाखांवर भेटी झाल्या आणि १ लाख ८६ हजार पौंडांचा नफा उरला. त्यातून दक्षिण केन्सिंग्टनमध्ये जमीन घेतली गेली. तेथे पुढे संग्रहालये व शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या.

सुटे भाग जोडलेले असल्यानेच ही वास्तू उकलून सिडनहॅमला नेता आली. १८५४ मध्ये ती तेथे अधिक भव्य रूपात खुली झाली. मात्र खासगी कंपनीला तिचा खर्च पेलवेना. १८६६ च्या आगीत उत्तरेकडील भाग गेला, तो पुन्हा बांधलाच नाही. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री उरलेलेही भस्मसात झाले.

पॅक्स्टनने आपल्या काळातील सर्वांत नवे तंत्र वापरले होते. त्याची हुबेहूब नक्कल करण्यात नवे ते काय? टेकडीवर जुन्या पायऱ्या, स्फिंक्सच्या मूर्ती आणि १८५४ सालचे डायनोसॉरचे पुतळे अजून उभे आहेत. पैसा खर्च करायचाच, तर त्यांच्या डागडुजीवर करावा.